सातवा रकाना: इतर

सिनेटर टॉर्व्हिकनं लिफ्टच्या दारात हार्लन डिट्झचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि हार्लनला कळलं, माणूस गेला. एरवी हा म्हातारा हात मिळवायचाच नाही. हातातल्या वर्तमानपत्राची सुरळी करून ती हार्लनच्या पोटात खुपसायचा आणि म्हणायचा, "काय, किती झाले?" आणि हार्लन आकडा सांगायचा. आज सुरळी काखेत होती. आज दोन ऊबदार, सुरकुतलेले, मेंढ्यांच्या मुलखात वाढलेले हात होते आणि त्यांच्यामध्ये हार्लनचा हात पावाच्या दोन तुकड्यांत घातलेल्या मांसासारखा निमूट पडला होता. "बरा आहेस ना, हार्लन?" म्हातारा म्हणाला. "जेवणखाण वेळेवर करतोस ना? एकट्या माणसाची फार आबाळ होते." लिफ्ट आली. म्हातारा आत गेला आणि दार बंद होईपर्यंत त्याच्याकडे मायेनं बघत राहिला. अठरा वर्षं या इमारतींच्या बोळांतून हिंडून हार्लननं हातांचं एक शास्त्र बसवलं होतं. एका हातानं घट्ट दाबला तर मत आपलं. कोपराला धरलं तर मत आपलं, पण बदल्यात काहीतरी हवंय. बोटांची टोकं दिली तर अजून ठरलेलं नाही. आणि दोन्ही हात आले, आवाज खाली आला, घरची चौकशी झाली, की समजावं, माणूस आपल्या विरुद्ध जाणार आहे आणि तसं तोंडावर सांगण्याची त्याला लाज वाटते. दोन हात हे दफनभूमीवरचे हात. नोव्हेंबरात बायकोला, व्हर्नाला, पुरलं तेव्हा सत्तावीस जणांनी त्याचा हात असा धरला होता. त्यानं मोजले होते. मोजायचं नाही असं ठरवून गेला होता, तरी मोजले गेले.

मोजणं हाच त्याचा धंदा. आवाजाच्या पुढं पळणारं प्रवासी विमान बांधायला सरकारनं पैसा चालू ठेवावा की नाही, यावर त्या मार्चमधल्या बुधवारी दुपारी चारला सिनेटमध्ये मतदान होतं. विमान बांधणारी कंपनी आणि तिथल्या कामगारांच्या संघटना, म्हणजे एरवी एकमेकांचे गळे धरणारी मंडळी, यांनी मिळून एक कमिटी केली होती, आणि त्या कमिटीचा हार्लन हा मोजणारा. भाषणं करायला दुसरे होते, जेवणं घालायला दुसरे होते. हार्लनच्या कोटाच्या आतल्या खिशात कार्डांचा एक गठ्ठा असे, रबरबँड लावलेला, दर सिनेटरमागे एक कार्ड. कुणाच्या राज्यात विमानाचे स्क्रू बनतात, कुणाची बायको पक्षी बघायला जाते, कुणाला मागच्या खेपेला आपण काय दिलं आणि तो काय विसरला. काल संध्याकाळी त्यानं गठ्ठा लावला होता. सत्त्याण्णव जण हजर राहणार, एकोणपन्नास आपले, शेहेचाळीस त्यांचे, दोन कुंपणावर. एकोणपन्नास म्हणजे बरोब्बर जितके लागतात तितके. एकही जास्त नाही. टॉर्व्हिक त्या एकोणपन्नासातला होता, आणि हार्लनच्या हाताच्या पाठीवर अजून त्याची ऊब होती.

तळघरातल्या कॅफेटेरियात गस बेलुची त्याची वाट बघत होता. गस यंत्रकामगारांच्या संघटनेचा माणूस, मान नसलेला, सकाळी साडेनवालाच वालांचं सूप पिणारा. "ये, ये, मौनीबाबा," तो म्हणाला. "एकोणपन्नासच ना? सांग एकोणपन्नास. मी रात्री बायकोला सांगून बसलोय."

"अठ्ठेचाळीस," हार्लन म्हणाला. "टॉर्व्हिक गेला."

"तुला म्हणाला?"

"हात धरला. दोन्ही हातांनी."

गसनं चमचा खाली ठेवला. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. गस हसला नाही. त्यानं एक शिवी दिली, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंची माफी मागितली, मग खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. "म्हणजे हे खरं तर. मिस ओक्स काल सांगत होती, म्हातारा हे घेऊन फिरतोय म्हणून. जेवताना काढतो, वाचतो, परत ठेवतो." मिस ओक्स म्हणजे टॉर्व्हिकची सेक्रेटरी. "ती विमानाविरुद्ध बोंबलणारी दाढीवाली पोरं आणि त्यांचा तो प्रोफेसर, त्यांनी ओक्लाहोमाच्या तक्रारींची सगळी खोकी उपसली म्हणे. पंधरा हजार तक्रारी! आणि छापली किती? एक. ही एक. काचा फुटल्या नाहीत, छत पडलं नाही, कोंबडी मेली नाही. एका बाईची तक्रार आहे की, हे तू वाच, मला तर कळतच नाही तिचं काय बिघडलंय ते."

हार्लननं कागद उलगडला. जुन्या कार्डाची छायाप्रत होती. नाव-पत्त्याच्या ओळीवर काळी पट्टी. खाली सात रकाने. काच, गिलावा, जनावरं, झोप, प्रकृती, भीती, इतर. सातव्यावर फुली. आणि त्याच्या खाली, जिथं काही लिहायचंच नसतं तिथं, कार्डाच्या कडेपर्यंत दाटीवाटीनं उतरलेलं अक्षर. ते अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

'आवाजाचं काही नाही. आवाज होऊन गेला की उलट बरं वाटतं. पण तो होईपर्यंत मी हातात कप धरून उभी असते. दिवसातून आठ वेळा. काही करायला घेतलं की वाटतं, आधी तो होऊन जाऊ दे. मला एवढंच विचारायचं होतं, की हे लिहायला तुमच्याकडे जागा आहे का?'

गस पुढं बोलत होता. सूप गार होत होतं. सात वर्षांपूर्वी सरकारनं ओक्लाहोमातलं एक शहर निवडून त्याच्यावरून रोज आठ वेळा लष्करी विमानं आवाजाच्या पुढं पळवली होती, माणसं कितपत सोसतात ते बघायला. असं विमान वरून गेलं की खाली तोफेसारखा धमाका होई. सकाळी सातला पहिला. लोकांनी घड्याळं लावणं सोडून दिलं होतं. सातचा झाला की उठायचे. हार्लनला तेव्हा वॉशिंग्टनहून सहा महिन्यांसाठी तिथं धाडलं होतं, तक्रारी घ्यायच्या फोनवर. व्हर्ना बरोबर गेली होती. विटांचं भाड्याचं घर, अंगणात एकच झाड, तेही शेजाऱ्याचं. सहा टेबलं, सहा फोन, आणि साहेबांची ताकीद एकच, माणसं बोलतात ते लिहू नका, रकाने भरा. बोललेलं लिहिलं की त्याचा आकडा होत नाही. हार्लनला हे पटलं होतं, अजूनही पटत होतं. दिवसाला शंभर-शंभर कार्डं. फुली, फुली, फुली. गिलाव्याचा तडा असेल तर माणूस पाठवायचा, तो बघून यायचा आणि लिहायचा, घर जुनं आहे, तडा आधीचाच. आणि मे महिन्यातल्या एका दुपारी, पाचवा धमाका होऊन गेल्यावर, त्यानं फोन उचलला आणि पलीकडून व्हर्नाचा आवाज आला. तो म्हणाला, "तक्रार विभाग, नाव सांगा." पलीकडं क्षणभर काहीच नाही. सहा फोनांपैकी आपल्याला नेमका कुठला लागेल ते तिला काय माहीत असणार? मग तिनं माहेरचं नाव सांगितलं. व्हर्ना स्टोलर. पत्ता मात्र खरा सांगितला, त्यांच्याच घराचा. आणि त्यानं तो, जणू आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय असा, पुन्हा विचारून, अक्षर न् अक्षर लावून लिहून घेतला.

तेव्हा त्यानं 'व्हर्ना' अशी हाक का मारली नाही? आजूबाजूला पाच टेबलं होती म्हणून? का, तिनं स्टोलर सांगितलं म्हणून? एक बाई नवऱ्याकडं तक्रार करत नाही, सरकारकडं करते, आणि सरकार म्हणून आपल्याच नवऱ्याचा आवाज येतो तेव्हा ती फोन ठेवत नाही, नीट, स्वच्छ, शाळेत धडा म्हणावा तशी सगळी तक्रार सांगते. तिनं कदाचित वाट बघितली असेल, हा आता म्हणेल, आता म्हणेल. तो म्हणाला, "आणखी काही?" ती म्हणाली, "नाही. तुमचा वेळ घेतला." आणि त्यानं सातव्या रकान्यावर फुली मारली, आणि मग पेन उचललंच जाईना. सहा महिन्यांत त्यानं लिहिलेलं ते एवढंच. बाकी नुसत्या फुल्या. संध्याकाळी घरी गेला तर तिनं मांस भाजलं होतं आणि बरोबर बटाटे. म्हणाली, "कसा गेला दिवस?" तो म्हणाला, "नेहमीसारखा. नव्वद-पंच्याण्णव." त्यात तीही होती. दोघं जेवले. त्यानंतर पुढच्या सहा वर्षांत हा फोन त्या दोघांच्या मध्ये कधी आला नाही, म्हणजे मधून गेलाच नाही. उन्हाळ्याच्या शेवटी धमाके थांबले, ते वॉशिंग्टनला परतले, इथं आभाळ अगदी शांत होतं. आणि तरी सकाळी सातला, मग साडेआठला, ती स्वयंपाकघरात थबकायची. कप अर्ध्यात. मान किंचित वर. तो वर्तमानपत्राच्या कडेवरून बघायचा आणि पान उलटायचा.

"ऐकतोयस का?" गस म्हणाला. "तू तिथं होतास. फोनवर होतास. म्हाताऱ्याचा तुझ्यावर जीव आहे. जा आणि सांग, साहेब, असल्या बायांना आम्ही ओळखायचो. डोक्यानं हलक्या. रोज फोन करायच्या, आज कप, उद्या बशी. पंधरा हजारांत असले नग निघणारच. खोटं सांग असं म्हणत नाही मी. असेलही ती तशी."

"होती," हार्लन म्हणाला.

"म्हणजे?"

"तिला आधीपासूनच मनाचा त्रास होता. धमाक्यांच्या आधीपासून. औषधं चालू होती."

गसनं टेबलावर थाप मारली. वालांचं सूप हिंदकळलं. "अरे मग! देवा रे, आणि इतका वेळ गप्प बसून माझं सूप गार करतोयस! ही बाई तुला आठवते? पंधरा हजारांतली? तू माणूस आहेस की फायलींचं कपाट? ऊठ. हे एवढं सांग, बस. सगळं खरं सांग."

सगळं खरंच होतं, हीच तर अडचण होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पोटातलं मूल गेलं तेव्हापासून, व्हर्ना रात्री उठून बसायची; डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, त्यांची निळी बाटली दर घरात न्हाणीच्या कपाटात बदलून बदलून आली होती. हार्लननं एवढं म्हटलं असतं की म्हाताऱ्यानं तो कागद चुरगाळला असता. म्हातारा सरळ होता. फसवलं गेल्याचा त्याला राग होता, दाढीवाल्यांनी फसवलं तरी आणि कंपनीनं फसवलं तरी. मत परत आलं असतं. एकोणपन्नास. आणि एकोणपन्नास म्हणजे लॉइड.

लॉइड हार्लनचा धाकटा भाऊ, सिॲटलच्या कारखान्यात सुतार. विमानाच्या कारखान्यात सुतार कशाला, असं लोक विचारत, आणि लॉइडला ते विचारलेलं फार आवडे. कारण खरं विमान अजून एकही नव्हतं. होतं ते लाकडाचं. पूर्ण आकाराचं, नाकापासून शेपटीपर्यंत, आत खुर्च्या, खिडक्या, चहाच्या गाड्या, सगळं. नाकाचा वाकडा बाक लॉइडनं आपल्या हातानं घासला होता, चार महिने. "जगातलं सगळ्यांत वेगवान लाकूड," तो म्हणे. गेल्या उन्हाळ्यात हार्लन आणि व्हर्ना तिथं गेले होते आणि लॉइडनं दोघांना आत नेऊन बसवलं होतं, व्हर्नाला खिडकीशी. खिडकी पोस्टाच्या तिकिटाएवढी. लॉइड हवाई सुंदरीसारखा हात हलवत उभा राहिला, "वहिनी, आपण आता आवाजाच्या दुप्पट वेगानं चाललोय. धमाका खाली लोकांना. आपल्याला काही ऐकू येणार नाही." व्हर्ना खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "किती शांत आहे रे इथं, लॉइड." मग बराच वेळ उठलीच नाही. हार्लनला वाटलं थकली असेल. ती थकलेलीच होती. नोव्हेंबर चार महिन्यांवर होता. पण आता त्याला वाटलं, सबंध ओक्लाहोमानंतर तिला कुठं जाऊन बसावंसं वाटलं असेल, तर ते त्या धमाक्याच्या आतच, जिथं तो नसतो. लॉइड रोज संध्याकाळी फोन करायचा. आकडा विचारायचा, पण आडून. "तुमच्याकडं हवा कशी आहे?" म्हणजे आकडा सांग. कारखान्यानं तोवर इतकी माणसं काढली होती की त्याच्या गल्लीत सहा घरं रिकामी होती. सुतार पन्नाशीचा, दोन मुली शाळेत, आणि त्याला येत होतं ते लाकडाचं विमान करणं, जे पृथ्वीवर दुसऱ्या कुणालाच नको होतं.

बाराला मिस ओक्सनं त्याला आत सोडलं. "पाच मिनिटं," ती म्हणाली, "आणि त्यांना चिडवू नका हं, सकाळपासून ते कुणाच्याच अंगावर धावून गेलेले नाहीत." टॉर्व्हिक खिडकीशी पाठमोरा होता. टेबलावर तोच कागद, घड्यांवर झिजलेला.

"मला वाटलंच तू येशील," म्हातारा म्हणाला. "सकाळी मी जरा बायकांसारखा वागलो. बस. तुला माहीतच आहे, मला या पक्षीवाल्यांचं काही सोयरसुतक नाही. विमान बांधावं असंच माझं मत होतं. पण आमच्याकडं वरून एक विमान गेलं की मेंढ्या मान वर करतात, आणि मग खाली घालत नाहीत बराच वेळ. चरायचं विसरतात. मी लहानपणापासून बघत आलोय. आणि हे वाचलं." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "तू होतास तिथं. मला एवढंच सांग. ही खरी बाई आहे, का कुणीतरी बसून लिहिलंय? फार चांगलं लिहिलंय, म्हणून विचारतो."

"खरी आहे, साहेब. कार्ड मीच भरलंय. अक्षर माझं आहे."

"तुझं?" म्हाताऱ्यानं चष्मा लावून पुन्हा पाहिलं, जणू आता ते वेगळं दिसणार होतं. "मग तू तिच्याशी बोललास. कशी होती? म्हणजे, लोक म्हणतात असल्या बाया जरा… तू समजतोस. चळलेली होती का?"

खिडकीबाहेर मार्चचं कोवळं, निरुपयोगी ऊन होतं. भिंतीवर मेंढ्यांच्या जत्रेतलं एक बक्षीस टांगलेलं होतं. हार्लनला निळी बाटली दिसली. लॉइडचे हात दिसले, करवतीनं अर्धं नख गेलेला अंगठा. एकच वाक्य. तिला औषधं चालू होती. फुली मारण्याइतकं सोपं. आणि ते म्हटलं की ती दुसऱ्यांदा फोनच्या त्या टोकाला थांबून राहणार होती, हा आता म्हणेल, आता म्हणेल, आणि हा विचारणार होता, आणखी काही?

"नाही, साहेब," तो म्हणाला. "शहाणी होती. त्या घरात तिच्याइतकं शहाणं कुणी नव्हतं."

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. 'त्या घरात' हे शब्द टेबलावर पडून होते आणि दोघांपैकी कुणी ते उचलले नाहीत. मग टॉर्व्हिकनं कागदाची घडी घातली, फार सावकाश, जुन्याच घड्यांवरून. उठला. हार्लनही उठला. या खेपेला म्हाताऱ्यानं हात पुढं केला नाही. दोन नाही, एकही नाही. नुसता दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत आला, आणि दारात म्हणाला, "लिहायला जागा होती का रे?"

"नव्हती, साहेब. कडेला लिहिलं."

चारला गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. दाढीवाले एका बाजूला, संघटनेची माणसं दुसऱ्या बाजूला, जॅकेटांवर बिल्ले लावून. गसनं विचारलं, "सांगितलंस ना?" हार्लन म्हणाला, "सांगितलं." गसनं त्याची पाठ थोपटली आणि बोटांत बोटं अडकवून पुढं वाकला. नावं एकेक करून पुकारली जाऊ लागली. हार्लनच्या मांडीवर गठ्ठा होता आणि तो कार्डं डावीकडं, उजवीकडं टाकत होता. चौदाव्या नावाला एक कार्ड चुकीच्या ढिगात गेलं. हा माणूस तर एका हातानं घट्ट दाबणारा होता. एकेचाळिसाव्याला आणखी एक. त्यानं तर परवा हार्लनच्या पोटात गुद्दा मारून "आपलंच समज" म्हटलं होतं. टॉर्व्हिकचं नाव आलं तेव्हा म्हातारा उभा राहिला आणि वर गॅलरीकडं न बघता "नाही" म्हणाला. गसनं वळून हार्लनकडं पाहिलं. शेवटी दोन्ही कुंपणावरचे कुंपणावरून पलीकडंच उतरले. शेहेचाळीस विरुद्ध एक्कावन्न. खाली कुणीतरी ओरडलं, कुणीतरी रडलं, दाढीवाले एकमेकांना मिठ्या मारत होते. हार्लननं हिशेब केला. त्याच्याकडून तो आपोआप होत असे. टॉर्व्हिक आला असता तर सत्तेचाळीस-पन्नास. तरीही गेलंच असतं. दुपारी बाराला, त्या उन्हात, त्यानं भावाचं घर एका पारड्यात आणि मेलेली बायको दुसऱ्यात घालून जे केलं, त्यानं कशाचंही काही झालं नव्हतं. त्याच्या खऱ्याची कुणाला गरजच पडली नव्हती. गस जिन्यात त्याला गाठून म्हणाला, "नक्की काय सांगितलंस रे त्याला?" आणि मग त्याचा चेहरा बघून, "जाऊ दे. पाचाचा फरक आहे. घरी जा, हार्लन." आणि त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी.

घरी फोन वाजतच होता. बाहेर अजून उजेड होता, शेजारी कुणी तरी गवत कापत होतं. "हवा कशी आहे तुमच्याकडं?" लॉइड म्हणाला, आणि मग स्वतःच हसला, "असू दे, रेडिओवर ऐकलं. पाच?"

"पाच."

"म्हणजे कुणा एकाकडं बोट दाखवता येत नाही."

"नाही," हार्लन म्हणाला. "लॉइड, मी—"

"अरे, तू काय करणार? तू मोजणारा." मागं बेर्निसचा, त्याच्या बायकोचा, आवाज येत होता, मुलींना काहीतरी सांगणारा, नेहमीपेक्षा हळू. "दुपारीच आम्हाला बाहेर काढलं. हत्यारं घेऊन जा म्हणाले. विमान तिथंच आहे, दिवे बंद करून. नाकाला परवाच शेवटचा हात दिला होता मी. निघताना आत जाऊन जरा बसलो, वहिनी बसली होती ना, तिथं. खरंच रे, काही ऐकू येत नाही आत." मग म्हणाला, "मला एक सांग. तीस वर्षं मी सकाळी सातला फाटकात असतो. उद्या सातला काय करायचं असतं?"

फोन ठेवल्यावर हार्लन स्वयंपाकघरात गेला, कॉफी केली, व्हर्नाच्या कपात ओतली, कारण तोच हाताला लागला. खिडकीशी उभा राहिला. गवत कापणं थांबलं. आभाळ स्वच्छ होतं, त्यात काही नव्हतं आणि आता काही येणारही नव्हतं. आजच्या मतानं एवढं तर झालं होतं. कॉफी निवत गेली. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपण कप अर्ध्यात धरून, मान जराशी वर करून उभे आहोत, आणि तो होऊन गेला की मग पिऊ, असं म्हणतो आहोत.